एका घरात दोन चुली

आमच्या कारखान्यात संगणक म्हणजे विंडोज. हिशेबाच्या टेबलावर टॅली, ड्रॉइंगच्या टेबलावर ऑटोकॅड, स्टोअरमध्ये एक्सेलचे तक्ते, मालकांच्या केबिनमध्ये ईमेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लहान-मध्यम कारखान्यात डोकावलं तर थोड्याफार फरकानं हेच दिसेल. कुणी बसून विचार करून ते निवडलं असं नाही. संगणक आला तो विंडोज घेऊनच आला, माणसं त्यावरच शिकली, आणि बिलापासून प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्याशी जुळत गेलं. अशा घरात २०१८ साली लिनक्स राहायला आला. त्याला कुठं बसवायचं, या प्रश्नानं पुढची चार वर्षं आम्हाला दमवलं. त्याची ही हकीकत. ज्यांच्या घरातलं एखादं मूल बेंगळूरला किंवा पुण्याला नोकरीला आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

आम्ही हायड्रॉलिक प्रेसच्या नियंत्रण-पेट्या बनवतो. पूर्वी या पेटीत एक छोटा मायक्रोकंट्रोलर असायचा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघड, दाब ठरलेल्या आकड्यावर पोचला की बंद कर, एवढंच त्याचं काम. त्याचा प्रोग्रॅम विंडोजवर लिहायचा, केबलनं चिपमध्ये भरायचा, की झालं. मग गिऱ्हाइकांच्या मागण्या वाढल्या. पडद्यावर आलेख हवा, दर नगाला किती दाब पडला त्याची नोंद हवी, ती ऑफिसात बसून बघता यायला हवी, महिनाअखेर पेनड्राइव्हवर उतरवता यायला हवी. त्या छोट्या चिपच्या हे आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून आम्ही एआरएम प्रोसेसरचा, तळहाताएवढा बोर्ड घेतला. त्यावर लिनक्स चालतो.

लिनक्स हे नाव घरोघरी माहीत नसलं तरी तो घरोघरी आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली आणि त्याचा सगळा मजकूर जगासमोर उघडा ठेवला. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. घरातल्या वायफायच्या डब्यातही बहुतेक वेळा तोच असतो. यंत्राच्या पोटात असा जो लिनक्स बसवतात त्याला एम्बेडेड लिनक्स म्हणतात.

आता बोर्ड पडला लहान. त्याच्यावरच बसून त्याची सगळी प्रणाली तयार करणं म्हणजे खलबत्त्यात जोंधळा कुटून भाकरीचं पीठ करण्यासारखं. म्हणून दळण मोठ्या गिरणीत दळून आणायचं आणि भाकरी घरच्या तव्यावर भाजायची, अशी पद्धत असते. गिरणी म्हणजे टेबलावरचा मोठा संगणक, तवा म्हणजे बोर्ड. अडचण एवढीच की ही गिरणी लिनक्सवाल्यांनी लिनक्सवर बसून बांधलेली आहे. विंडोजच्या अंगणात ठेवली की तिचे पट्टे निसटायला लागतात.

एक उदाहरण सांगते. इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर ही लिनक्सच्या लेखी दोन वेगळी अक्षरं. विंडोज मात्र फाइलचं नाव शोधताना त्यांच्यात भेद करत नाही. लिनक्सच्या मूळ मजकुरात काही जोड्या अशा आहेत की नाव तेच, एकीत मोठी अक्षरं, दुसरीत छोटी, आणि आतला मजकूर निराळा. त्या विंडोजच्या फोल्डरात उतरवल्या की दोनांची एकच फाइल उरते. आपल्या वाचकांना हे चटकन कळेल. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे आहेत. ऱ्हस्व ओ घेऊन ‘कोडु’ म्हटलं तर ‘दे’, दीर्घ घेऊन म्हटलं तर ‘शिंग’. आपण देवनागरीत दोन्ही ‘कोडु’ असंच लिहितो आणि फरक कागदावरून नाहीसा होतो. वाचणाऱ्याला तो संदर्भानं कळतो, संगणकाला कळत नाही. २०१८ पासून विंडोजमध्ये एखाद्या फोल्डरपुरती ही सवय बदलता येते, पण ते आठवणीनं करावं लागतं.

दुसरी गोष्ट ओळीच्या शेवटाची. जुन्या टेलिप्रिंटरला ओळ संपली की दोन आज्ञा द्याव्या लागत: छापणारा भाग डावीकडे आण, आणि कागद एक ओळ वर सरकव. विंडोज अजून त्या दोन्ही खुणा लिहितो, लिनक्स एकच. विंडोजमध्ये एखादी छोटी आज्ञावली तयार करून बोर्डवर टाकली की बोर्ड म्हणतो, हे मला सापडत नाही. फाइल समोर दिसत असते, नाव बरोबर असतं, पण पहिल्या ओळीच्या टोकाला न दिसणारी एक खूण चिकटलेली असते. आमच्याकडच्या एका मुलाचा अख्खा शनिवार त्या एका खुणेनं खाल्ला.

हे काम आमच्याकडे सुरू केलं ते खानापूरकडच्या एका तरुण इंजिनिअरनं. हुशार, रात्र रात्र बसणारा. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवले. लॅपटॉप सुरू केला की तो विचारतो, कुणाला उठवू? याला ड्युअल बूट म्हणतात. यात लिनक्सला मशीनची सगळी ताकद मिळते, दळण सगळ्यांत वेगानं होतं. पण लिनक्समध्ये असताना ऑफिसची ड्रॉइंग आणि स्टोअरचे तक्ते नीट उघडत नाहीत. खरेदी विभागानं एक प्रश्न विचारला की सगळं बंद करून पलीकडच्या दारानं जायचं. एकटा माणूस, स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची शिस्त, अशा ठिकाणी हे छान चालतं. आमच्याही पहिल्या पेट्या २०१९ मध्ये अशाच बाहेर पडल्या.

२०२० च्या जानेवारीत बेंगळूरच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. पगार आमच्या दुप्पट. अडवायचं तरी कुणी आणि कशाला? आम्ही कुंद्याचा डबा हातात देऊन त्याला निरोप दिला.

मार्चच्या सुरुवातीला हुबळीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पेटीच्या पडद्यावर इंग्रजीत ‘प्रेशर’ लिहिलेलं होतं, त्यांच्या ऑपरेटरना तिथं कन्नडमध्ये ‘ओत्तड’ हवं होतं. मागणी रास्त होती. त्यासाठी कन्नड अक्षरांचा फाँट बोर्डात घालून सगळी प्रणाली पुन्हा बांधणं भाग होतं. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आमच्याकडे होता. पण तो कुठल्या आवृत्तीच्या साधनांनी बांधला, कोणते पर्याय लावले, कुठली फाइल शेवटी हातानं टाकली, हे सगळं त्याच्या लॅपटॉपवर होतं, आणि तो लॅपटॉप पुसून नव्यानं भरलेला. मुलगा मनाचा मोठा. दिवसभर नवी नोकरी करून रात्री फोनवर आठवेल तेवढं सांगायचा. मध्येच लॉकडाऊन लागला. एक शब्द बदलायला आम्हाला सात आठवडे लागले. गिऱ्हाइकानं पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली. लहान कारखान्याला असली एक ऑर्डर म्हणजे चार घरांचा पगार असतो.

मग काम माझ्याकडे आलं. मी व्हर्च्युअल मशीनचा मार्ग धरला. म्हणजे विंडोजच्या आतच एक कल्पित संगणक उभा करायचा आणि त्यात लिनक्स चालवायचा. व्हीएमवेअर हे १९९९ पासून करत आलं, २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्सही आहे आणि ते फुकट मिळतं. यात विंडोज बंद करावं लागत नाही. बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. सगळा लिनक्स म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं एक मोठी फाइल, ती उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवली की तिथंही तेच घर तयार. पण आमच्या लॅपटॉपांची मेमरी ८ जीबी. त्यात दोन संसार मांडले की दोघेही कण्हत चालतात. शिवाय ती फाइल ६० जीबीची झाली. तिघांनी तिच्या प्रती घेतल्या आणि ज्यानं त्यानं आपापल्या प्रतीत आपल्या सोयीचं काहीतरी घातलं. महिन्याभरात तीन घरं तीन तऱ्हेची झाली. मध्यवर्ती नोंद नसेल तर हे होणारच.

दुभाषी ठेवून काम भागवण्याचाही एक मार्ग आहे. सिग्विन नावाचं साधन १९९५ पासून हे करत आलं आहे: लिनक्सच्या पद्धतीनं लिहिलेल्या प्रोग्रॅमचं बोलणं ते विंडोजला समजावून सांगतं. किरकोळ कामाला ठीक. पण लिनक्सच्या गाभ्यात ६० हजारांहून अधिक फाइली आहेत. प्रत्येक फाइलीमागे दुभाष्याशी बोलायचं आणि वर अँटिव्हायरसनंही ती तपासायची म्हटल्यावर दिवस मावळतो.

२०१६ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये लिनक्सची सोय आणली, तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. पहिली आवृत्ती अशीच दुभाष्याची होती. २०२० मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र खरा लिनक्सच आत आणून बसवला. हा मार्ग आज सगळ्यांत सोपा आहे, पण त्याच्याही खोडी आहेत. फाइली लिनक्सच्या बाजूला ठेवल्या तर काम झपाट्यानं होतं, विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवल्या तर तेच काम रांगतं. दुसरी खोड मजेची आहे. बोर्डची प्रणाली बांधायला आम्ही बिल्डरूट हे साधन वापरतो. ज्या वाटांवर आज्ञा शोधायच्या त्यांच्या यादीत कुठं रिकामी जागा दिसली तर बिल्डरूट काम सुरूच करत नाही. आणि डब्ल्यूएसएल विंडोजच्या वाटा त्या यादीत आपणहून जोडतो. त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ असतंच, दोन शब्द, मध्ये जागा. एका ओळीची सेटिंग बदलली की हे सुटतं, पण ती ओळ कुणीतरी सांगावी लागते. यूएसबीला जोडलेला बोर्डही आतल्या लिनक्सला आपोआप दिसत नाही, त्यासाठी वेगळं साधन बसवावं लागतं.

२०२२ च्या पावसाळ्यात गोष्ट निकरावर आली. धारवाडला माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर महिनाभर तिथं राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. इकडे त्या पेट्यांचं सगळं काम माझ्या एका मशीनवर. मी मालकांसमोर मार्ग मांडायला बसले, ड्युअल बूट, व्हर्च्युअल मशीन, डब्ल्यूएसएल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही धारवाडला असताना गिऱ्हाइकाचा फोन आला तर तो मी कुणाच्या हातात देऊ, तेवढं सांगा की.”

या एका प्रश्नानं सगळं सरळ झालं. कुठली प्रणाली वेगवान, कुठली आधुनिक, यावर आम्ही दोन वर्षं बोलत होतो. आता बघायचं एवढंच होतं की नवा माणूस कुणाला न विचारता काम करू शकेल अशी मांडणी कुठली.

आमच्याकडे संगणकांची देखभाल बघणारे एक काका आहेत. त्यांचा लिनक्सला विरोध असल्याची कुजबुज होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, “विरोध कशाला? दहा लॅपटॉपांत दहा लपलेले लिनक्स असले तर त्यांचं बॅकअप कोण घेणार? मशीन एकच असू दे, माझ्या नजरेसमोर. मी सांभाळतो.” त्यांचंही खरंच होतं.

मग असं ठरलं. ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेला एक डेस्कटॉप घेतला. त्यात मेमरी वाढवून १६ जीबी केली, नवी एसएसडी घातली, उबंटू लिनक्स बसवला आणि यूपीएस जोडून काकांच्या खोलीत ठेवला. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो फक्त गिरणी. प्रत्येकजण आपल्या विंडोजच्या टेबलावरूनच त्याच्याशी जोडून काम करतो. २०१९ पासून व्हीएस कोड या संपादकात दूरच्या मशीनवरच्या फाइली जवळच्या असल्यासारख्या उघडायची सोय आहे, ती कामी आली. तयार झालेली प्रणाली साम्बामार्फत विंडोजमध्ये एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. साम्बा ही अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसानं १९९२ साली सुरू केलेली जुनी, भरवशाची चीज. तपासणी विभागाला लिनक्सचं नावही माहीत नसलं तरी त्यांना हवी ती फाइल उचलता येते.

कुठलं काम कुठल्या चुलीवर, याची रेघही तेव्हाच आखली. मूळ मजकूर, त्याची गिटमधली नोंद आणि बांधणी लिनक्सच्या बाजूला. ईमेल, ड्रॉइंग, मेमरी कार्डावर प्रणाली उतरवणं आणि बोर्डशी केबलनं बोलणं विंडोजच्या बाजूला. बोर्डचं बोलणं पुट्टी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतं, वेग ११५२०० ठेवला की झालं. त्यामुळे यूएसबीचा प्रश्न उरलाच नाही. ओळीच्या शेवटाची खूण एकच ठेवायची, हे गिटलाच बजावून ठेवलं. बिल्डरूटची पाककृती म्हणजे काही ओळींची एक फाइल, तीही गिटमध्ये. त्यासाठी इंटरनेटवरून जे मजकूर उतरवावे लागतात त्यांची प्रत आमच्याच डिस्कवर ठेवली, कारण आज मिळणारा मजकूर पाच वर्षांनी त्याच जागी मिळेलच असं नाही. योक्टो ही २०१० पासूनची मोठी व्यवस्था आहे. पाच-दहा तऱ्हेच्या बोर्डांवर माल काढणाऱ्यांना ती हवी. आम्हाला एका बोर्डपुरतं बिल्डरूट पुरलं.

राहिली परीक्षा. बैलहोंगलची एक मुलगी त्याच महिन्यात रुजू झाली होती. दहावीपर्यंत कन्नड माध्यम, मग डिप्लोमा. लिनक्स तिनं फक्त प्रॅक्टिकलला पाहिलेला. मी दोनशे पानी वहीत सगळ्या पायऱ्या लिहून काढल्या, एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड. कन्नड बाजू माझ्या नवऱ्यानं तपासली, त्याचं शिक्षण धारवाडचं. वही, कोरा लॅपटॉप आणि कोरा बोर्ड तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, पडद्यावर आपली पेटी सुरू झाली पाहिजे. मी त्याच खोलीत बसेन, पण बोलणार नाही.

पहिल्या दिवशी ती तीन ठिकाणी अडली. प्रत्येक ठिकाणी ती काय वाचते आणि काय करते ते मी बघत होते. एका जागी वहीत ‘नेहमीप्रमाणे जोडा’ असं होतं. नव्या माणसाला ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय कळणार? तिनं स्वतःच पेन्सिलीनं तिथं तारांचे रंग लिहिले: काळी, पांढरी, हिरवी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बोर्डचा पडदा उजळला. ती मागं वळून एवढंच म्हणाली, “आय्तु, मॅडम.” झालं. काका दारात उभे होते, त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मी धारवाडला गेले. महिन्याभरात तिचा फोन एकदाच आला, तोही सासूबाईंची चौकशी करायला. गिऱ्हाइकाचं एक काम मध्ये येऊन गेलं होतं, ते मला परत आल्यावर कळलं.

आमची मांडणी सगळ्यांनी उचलावी असं मी म्हणणार नाही. घरात इंजिनिअरिंगला मूल असेल आणि लॅपटॉपला १६ जीबी मेमरी असेल तर त्याला डब्ल्यूएसएलच पुरे, वेगळं काही घेऊ नका. कपाटात जुना लॅपटॉप पडला असेल तर त्यावर सरळ लिनक्स बसवून द्या, मोडलं तरी हरकत नाही, मोडूनच शिकतात. चार-सहा माणसांचा कारखाना असेल तर कोपऱ्यातली एक गिरणी आणि एक वही यांचा विचार करा. मांडणी कुठलीही निवडा, पण ती पुरी झाली म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांत नव्या माणसाच्या हाती देऊन बघा. जाणकार माणूस कशावरही काम करून दाखवतो, त्याच्याकडे बघून मांडणी चांगली की वाईट ते समजत नाही.

बेळगावात १९९८ पासून तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे. दरवर्षी मुलं शिकून तयार होतात आणि त्यांतली पुष्कळशी बेंगळूरची, पुण्याची गाडी धरतात. त्यांना थांबवण्याची ताकद लहान कारखान्यांत नाही, आणि मुलांनी थांबावंच असं आई-बापांनाही वाटत नाही. ते गेल्यावर मागं काय उरतं एवढंच आपल्या हातात आहे.

बैलहोंगलच्या त्या मुलीलाही आता बेंगळूरचं बोलावणं आलं आहे. पुढच्या महिन्यात ती जाईल. वही तिनं नव्या मुलाच्या हवाली केली आहे. तो निपाणीचा, मराठी बाजू वाचतो. अडला की समोरच्या पानावर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते तिला विचारतो, आणि ती म्हणते, आधी तारांचे रंग बघ.